आबा संध्याकाळी सुटले होते

डिसेंबर २००६

तीर्थरूप आबा,
तुरुंगातून तुमच्या छायाचा नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर मिळतं. फरशी फार गार लागते, पण एवढं वाक्य आईला वाचून दाखवू नका. तिचा गुडघा कसा आहे? शेवंती यंदा कशी आली?

वकीलसाहेब म्हणाले, माफी लिहून दिली तर शिक्षा कमी होईल, आणि तुमचंही तेच म्हणणं आहे. आबा, मी लिहिणार नाही.

मी केलं काय? आपली जमीन घ्यायला निघालेल्या ऑफिसच्या वेबसाइटमध्ये घुसले आणि पहिल्या पानावर आपल्या विहिरीचा फोटो लावला. खाली लिहिलं, ‘ही जमीन आम्ही दिलेली नाही.’ दुपारपर्यंत त्यांनी तो काढलाही. कुणाला साधा ओरखडा आला नाही. त्याला दोन वर्षं!

कांद्याच्या भावासाठी तुम्ही विंचूरला रस्ता अडवलात, तेव्हा दिवसभर ट्रक, एसट्या, सगळं ठप्प होतं. पोलिसांनी धरलं, चहा पाजला, संध्याकाळी सोडून दिलं. तुम्ही कुणाची माफी मागितली होती? माझा गुन्हा असेल, तर तोही तेवढाच धरा ना! कॉम्प्युटर म्हटलं की साहेबलोक घाबरतात, एवढाच फरक.

लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही भेटीला येत नाही, ते कळतं मला. त्या संध्याकाळी चौकीच्या दारात तुमच्या गळ्यात घातलेला शेवंतीचा हार मी आणि आईने ओवला होता. मी सुटेन त्या दिवशी तुम्ही तुरुंगाच्या दारात यायचं. रिकाम्या हाताने नाही.

तुमच्यावरच गेलेली,
छाया