पाचवीच्या बाई

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

येऊन आज तीन आठवडे झाले. निघताना तू बजावलं होतंस की फोन करू नकोस, कानातल्या मशिनीत नुसती खरखर येते आणि मग तुझं बरं चाललंय की वाईट तेच कळत नाही. म्हणून हे पत्र. परदेशी पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतील असं पोस्टातला माणूस म्हणाला. म्हणजे मी रडत असले तरी तुला कळेपर्यंत माझं रडून झालेलं असेल. सध्या तरी रडत नाही.

संस्थेने स्वयंसेवक शिक्षिकेसाठी घेतलेली खोली एका शिंप्याच्या दुकानावर आहे. लाकडी जिना, एक खाट, एक टेबल आणि रस्त्यावर उघडणारी खिडकी. रस्त्यापलीकडे शाळा. तीन खोल्या, वर नवा कोरा पत्रा. घंटा म्हणजे टांगलेली लोखंडी पट्टी. माझ्या दारापासून वर्गापर्यंत बावन्न पावलं. मोजली मी. निवृत्त झाले तरी गणिताची बाई ती गणिताची बाई.

पहिल्या दिवशी मुख्याध्यापक मला स्वतः पाचवीच्या दारापर्यंत घेऊन गेले आणि म्हणाले, की आजपासून हा वर्ग तुमचा. ताई, मला निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि पुढच्या जूनमध्ये माझ्या तासांवर दुसरीचं नाव चढलं. तेव्हापासून 'तुमचा' असं मला कोणी म्हटलं नव्हतं. माझा आवाजच फुटेना. मुलांना वाटलं, नव्या बाई मुक्या आहेत.

चौतीस मुलं आहेत. पाढे पोपटासारखे म्हणतात, पण बारा पेन्सिली पाच जणांत वाटा म्हटलं की छताकडे बघतात. इथली भाषा मी आकड्यांपासून शिकतेय. खालच्या दुकानात काज-बटणं करणारी एक बाई आहे, पस्तिशीची असेल. ती संध्याकाळी मला एकेक आकडा म्हणायला लावते. थोडं इंग्रजी येतं तिला. बोलायला जरा तुसडी आहे, पण शिकवताना कंटाळत नाही. 'सात' म्हटलं की मात्र वर्ग का कोण जाणे खिदळतो. मी त्यांना आवडत असेन, असं मी आपलं धरून चालले आहे.

तुझ्या गुडघ्याचं लिही. लोभ आहे, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
बारकी

दि. २३ सप्टेंबर

चि. बारकीस,
अ. आ.

अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला चिरंजीव लिहिताना पेन जरा अडखळतं, पण तू कितीही म्हातारी झालीस तरी मी तुझ्यापुढे सहा वर्षं आहेच. गुडघा जागेवर आहे आणि कुरकुरतो आहे. तुझ्या कुंड्यांना पाणी घालते. एक मेली. कोणती ते सांगणार नाही, आल्यावर ओळख.

तुझा भाचा म्हणतो, मावशी घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायला गेली. मी त्याला म्हटलं, भाजू दे, घरी तरी तिच्या भाकऱ्या कोण खातं! हस आता.

एक विचारायचं आहे. विचारू की नको असं दोन दिवस केलं, पण तुला गोड बोलायची मला सवय नाही. तू जायच्या आधी त्या वर्गाला कोण शिकवत होतं? चौतीस मुलं काही तुझी वाट बघत रिकामी बसली नसतील.

सांगते का विचारलं ते. मी वॉर्डात सिस्टर असताना काही हौशी बायका रोज येऊन पेशंटांना भरवू लागल्या. मनाने चांगल्या होत्या. दोन महिन्यांनी आमची भरवणारी आया कामावरून कमी झाली. फुकट हात मिळतात तर ही कशाला, असा हिशेब. जाताना ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मी इनचार्ज होते. बोलता आलं असतं, पण मी गप्प बसले. त्या बायकांना तर शेवटपर्यंत कळलंच नाही.

तुझ्याकडे तसं काही नसेलही. पण विचारून बघ.

थंडी असेल तर कान झाक. माया आहे, ती पत्रात मावत नाही म्हणून इथे थांबते.

तुझी,
ताई

दि. १२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मला तुझा असा राग आला, की तीन दिवस ते उशीखाली तसंच ठेवलं. माझं जरा कुठे बरं चाललं होतं. पेन्सिलींची वाटणी आता वीस जणांना जमते. त्यात तू मिठाचा खडा टाकलास.

चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांना विचारलं. म्हणाले, आधीच्या बाई गेल्या. कुठे गेल्या विचारलं तर म्हणाले, जवळच. आणि हजेरीपट उघडून बसले.

शनिवारी मी दुकानात आकडे घोकत बसले होते. माझ्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर स्कर्टची शिलाई उसवून घ्यायला आली. मला बघून हसली. मग तिची नजर काज करणाऱ्या बाईकडे गेली. हातातली पिशवी खाली ठेवून ती ताठ उभी राहिली आणि लांब हेल काढून तिने नमस्कार म्हटला. ताई, बत्तीस वर्षं मी तो हेल ऐकला आहे. मुलं तो फक्त वर्गावरच्या बाईंसाठी राखून ठेवतात. मला त्यांनी तो अजून दिलेला नाही.

आजवर तुला तिच्याबद्दल 'ती' असं लिहिलं. आता 'त्या' लिहिते. पाचवीचा वर्ग नऊ वर्षं त्यांचा होता. ऑगस्टमध्ये शाळेच्या समितीने सांगितलं, की परदेशातून एक शिकलेली, अनुभवी बाई येते आहे, पगार घेणार नाही, तेव्हा वर्षभर तुम्ही घरी थांबा. शिंपी त्यांचा दीर. त्याने काज-बटणांचं काम दिलं. म्हणजे मी वर खाटेवर झोपत होते आणि ज्यांच्या खुर्चीवर बसत होते त्या माझ्या पायाखालच्या खोलीत सुई ओवत होत्या.

मला आधी का सांगितलं नाही, असं विचारलं. म्हणाल्या, काय सांगणार? तुम्ही बॅग घेऊन उतरलात तेव्हा तुमच्या तोंडावर इतका आनंद होता. मग हातातलं काज पुरं केलं आणि म्हणाल्या, की आणखी एक गोष्ट आहे. पहिल्या आठवड्यात फार राग होता, म्हणून तुम्हाला 'सात' चुकीचा शिकवला. मी दीड महिना वर्गात 'म्हातारी कोंबडी' म्हणत होते, ताई. म्हातारी कोंबडी अधिक पाच बरोबर बारा. त्यांना वाटलं होतं, मुलं हसतील आणि ही कंटाळून जाईल. पण पोरं आपापसांतही सातला कोंबडीच म्हणायला लागली, आणि मग बाईंना लाज वाटली, पण सांगायचं कसं ते कळेना.

मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. त्या हसल्या नाहीत.

मी बॅग भरायला घेतली आहे. मिळेल त्या विमानाने येते. रागावले होते, ते मनावर घेऊ नकोस.

तुझी,
बारकी

दि. २३ ऑक्टोबर

चि. बारकीस,
अ. आ.

बॅग रिकामी कर. हे पत्र पोचायच्या आत निघाली असशील तर माझा नाइलाज, पण मी तुला ओळखते. तू भरलेली बॅग चार दिवस नुसती बघत बसतेस.

पळून आलीस तर तुझ्या मनाचं ओझं उतरेल, त्या बाईंचं नाही. संस्था दुसरी कोणी पाठवेल आणि ती आपली कोंबडी म्हणत बसेल. तुला आता ठाऊक झालं आहे ना, मग जिथे बोलायचं तिथे जाऊन बोल. मी बोलले नव्हते, त्याला बावीस वर्षं झाली. त्या आयाचा चेहरा मला अजून आठवतो आणि नाव आठवत नाही, याची जास्त लाज वाटते.

कोणाला तरी आपण हव्या आहोत असं वाटावं म्हणून तू गेलीस. मला तेव्हाच कळलं होतं. त्यात काही पाप नाही गं. फक्त दुसरीला उठवून ती जागा घ्यायची नाही, एवढंच.

आता खरं सांगू? रविवारचं शब्दकोडं माझ्याने पुरं होत नाही. उभे शब्द तुझे होते, ते तसेच रिकामे राहतात. त्यामुळे ये असं म्हणावंसं फार वाटतं. म्हणत नाही.

धीर धर, आणि जेवत जा. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
ताई

दि. १४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बॅग रिकामी केली. तू चार दिवस म्हणालीस, मी तुझं पत्र येईपर्यंत बघत बसले होते, ते सोड.

मुख्याध्यापकांशी बोलले. माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी छप्पर इतकं गळत होतं, की मुलं वह्या डोक्यावर धरून बसायची. त्या बाईंचा वर्षाचा पगार वाचणार, त्या भरवशावर नवा पत्रा घातला. आता सांग, यावर काय बोलायचं? मी गडबडले. पण म्हटलं, की छप्पर सगळ्या शाळेचं आहे, त्याची किंमत एकीने का द्यावी? त्या बाई खुर्चीवर असतील तर मी त्यांच्या हाताखाली वाटेल ते करीन, नसतील तर मी वर्गात पाऊल ठेवणार नाही. ते म्हणाले, हे समितीच्या हातात आहे. मी म्हटलं, मग समिती ठरवेपर्यंत मी खाली दुकानात आहे.

आणि सोमवारी खरंच दुकानात जाऊन बटणं लावायला बसले. त्या बाई माझ्यावर भडकल्या. मुलांचं नुकसान होतंय, वर्गावर जा, म्हणाल्या. मी हलले नाही. मनातून मात्र फार वाईट वाटत होतं, कारण समोर खिडकीत आमची पोरं दिसत होती आणि मुख्याध्यापक एकटेच दोन वर्गांत पळत होते.

चार दिवस हे चाललं. दुसऱ्याच दिवसापासून आया-बाप यायला लागले. सरळ विचारायचा संकोच, म्हणून जो तो काहीतरी उसवलेलं घेऊन यायचा. एकाने तर चांगला सदरा आणला आणि माझ्यासमोर त्याचं बटण तोडलं. शिंप्याचा धंदा वाढला, पण मी लावलेली बटणं दुसऱ्या दिवशी परत यायची. शेवटी तोच समितीकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, की काहीही करा, पण या बाईंना शाळेत न्या.

शुक्रवारी समितीने बोलावलं. माझ्या बोलण्याचं भाषांतर करायला त्या बाईच. मी त्यांच्या नऊ वर्षांबद्दल सांगायला लागले तर त्या थांबल्या. म्हणाल्या, माझीच स्तुती मी माझ्या तोंडाने कशी सांगू? मग मला खाली बसवून स्वतःच बोलल्या. मला त्यातले दोनच शब्द कळले, 'पाचवी' आणि 'माझी'.

सोमवारपासून त्या परत वर्गावर आहेत, पूर्ण पगारावर. मी मदतनीस. मुलांनी उठून तो लांब हेल काढला तेव्हा बाईंनी पाठ फिरवून फळा पुसायला घेतला. फळा कोराच होता.

पण संस्थेचं पत्र आलं आहे. जिथे पगारी शिक्षक आहे तिथे ते स्वयंसेवक ठेवत नाहीत. शिवाय चार दिवस वर्ग सोडला म्हणून माझ्या कागदावर शेरा मारला आहे. बत्तीस वर्षांत पहिला. डिसेंबरच्या सुरुवातीला इथलं आटोपायचं, आणि पुढे दुसरीकडे पाठवणार नाहीत. ठरल्यापेक्षा सहा महिने आधी. चुकलं नाही माझं, तरी तो शेरा लागतो गं.

मायेची आठवण ठेव.

तुझी,
बारकी

दि. २६ नोव्हेंबर

चि. बारकीस,
अ. आ.

तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, तुझ्या भाच्याला वाचून दाखवलं आणि दूधवाल्यालाही दाखवणार होते, पण त्याला घाई होती.

शेऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. माझ्या नोकरीच्या पुस्तकात एकही शेरा नाही. अगदी स्वच्छ पुस्तक आहे. परवा काढून बघितलं आणि परत ठेवून दिलं.

उरलेले दिवस नीट घालव. स्टेशनवर घ्यायला मी येणार आहे, गुडघा नको म्हणाला तरी.

तुझी,
ताई

दि. ५ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इथला आजचा शेवटचा दिवस. उद्या संस्थेच्या कचेरीत जायचं. तिथे अहवाल आणि कागदपत्रांत दोन आठवडे जातील, आणि मग घर.

हे तीन आठवडे मी शेवटच्या बाकावर बसून काढले. बाई अपूर्णांक शिकवायला दुकानातून चिंध्या आणतात. मुलं कापडाची घडी घालतात, कापतात, जोडून बघतात. मी खडूने वर्तुळं काढून जे वीस जणांना शिकवलं ते त्यांनी चौतीस जणांना शिकवलं. थोडा मत्सर वाटला. तुझ्यापासून काय लपवू?

पण मला जे न्यायचं आहे ते वेगळंच आहे. मुलाचं उत्तर चुकलं की बाई 'चूक' म्हणत नाहीत. कसं काढलंस, एवढं विचारतात आणि थांबतात. कधीकधी इतका वेळ थांबतात, की मलाच बाकावर चुळबुळ होते. मूल मग आपलं आपण सांगत जातं आणि मध्येच कुठेतरी त्याला स्वतःची चूक भेटते. माझा तास फार वेगात चालायचा, ताई. चुकलं की मी लगेच दुसऱ्याला उठवायची. उठवलेल्याचं उत्तर बरोबर यायचं आणि मी पुढे जायची. पहिला उभाच असायचा. असे किती उभे राहिले असतील, त्याची मोजदाद नाही.

काल बाईंनी सांगितलं, की उद्या निरोप घ्यायला वर्गात येऊ नका. मुलं रडतील, तास जाईल, आणि अपूर्णांकांची वजाबाकी अजून कच्ची आहे. क्षणभर लागलं मला. मग वाटलं, मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं. जिन्यात त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि तशाच उभ्या राहिल्या.

म्हणून मी आत्ता खोलीत आहे. अकरा वाजले आहेत, गणिताचा तास. त्यांच्याही खिडक्या उघड्या आहेत. आत्ताच एका मुलाने उत्तर दिलं. आकडे मला आता कळतात. उत्तर चुकलं आहे. वर्गात कोणी हसलं नाही. बाई थांबल्या आहेत.

मीही पेन उचलून थांबले होते. पोराने आता पहिल्यापासून सांगायला घेतलं आहे.

भेटीपर्यंत अशीच माया असू दे.

तुझी,
बारकी