ऊन खिचडी

माय, कुणी पानात वाफाळती खिचडी वाढली की मला आजही तुझा राग येतो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी येतो. अन्न ऊनच वाढायचं, हा तुझा हट्ट. वडील लूमच्या खात्यात डब्यातलं गार जेवायचे, म्हणून पोरांच्या ताटातून तरी वाफ निघायला हवी. पर्वत पाटियाच्या त्या एका खोलीत तुला दुसरे कसले लाड करता येणार होते, हे कळतं मला. पण राग काही जात नाही.

भाऊ चार वर्षांचा होता आणि दिसायचा दोनचा. पोट टम्म, पाय काटकुळे. सारखा खायचा आणि सारखा भुकेला. तू भाकरीवर तूप ओतायचीस आणि ते तूप तसंच बाहेर पडायचं, तेलकट, घाण वासाचं. दोन बादल्या ओतल्या तरी संडास चिकटच. "पोऱ्या आंग काबर नही धरत?" असं तू मला विचारायचीस, जसं काही आठवीतल्या पोरीला ते ठाऊकच असणार. शेवटी मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सिस्टिक फायब्रोसिस असं नाव सांगितलं. तूप पचवणारा रस याच्या आतड्यात पोचतच नाही, तो या कॅप्सूलमधून जेवणाबरोबर द्यायचा, म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी येऊन तू औषधाच्या खोक्यातला कागद मांडीवर सपाट करतेस. शेजारीण बसलेली आहे. "मनी पोर इंग्रजी वाचस," तू तिला सांगतेस आणि कागद माझ्याकडे सरकवतेस. "काय लिखेल शे त्यामा?" मी ओळींवरून बोट फिरवते. "जेवणसंगे दवाई देवानं, इतलंच."

त्याला कॅप्सूल गिळता यायची नाही. तू ती उघडून आतले दाणे उकळत्या खिचडीत कालवायचीस आणि मग एकेका घासावर फुंकर घालून भरवायचीस. आठ महिने. दर महिन्याला दवाखान्यात तो काट्यावर उभा राहायचा आणि काटा तिथल्या तिथे. डॉक्टर तुलाच रागवायचे, औषध नीट देत नाही म्हणून. मग त्याला तिथे भरती केलं, तेव्हा डब्यातल्या वाफाळत्या खिचडीत तू दाणे कालवताना एका गुजराती नर्सने तुझा हात धरला. "बेन, गरममां ना नखाय. दवा मरी जाय."

त्यानंतर खिचडी गार व्हायला लागली. त्याचं वजन वाढलं, तू पहिल्यांदा त्याच्यासाठी मोठ्या मापाची चड्डी आणलीस. पण या आजारात छातीतही चिकट कफ साठतो, आणि ती तोवर पोखरली गेली होती. सातव्या वर्षी तो गेला, आणि तू आलेल्या प्रत्येकाला सांगत राहिलीस, "दवाई मीच मारी." तू सांगायचीस आणि मी चहा द्यायचे. मला तुझा राग यायचा: कशाला हवं होतं सगळं उकळतं, कशाला विचारलं नाहीस डॉक्टरांना?

नर्सने सांगितलं त्या दिवशी घरी येऊन मी तो कागद पुन्हा काढला होता. खाली, पाचव्या ओळीत, 'हॉट' असं लिहिलं होतं. तो शब्द मला येत होता, माय. मी पहिल्या दोन ओळींच्या पुढे वाचलंच नव्हतं.