पुढच्या राक्षसासाठी

५ जून, गुरुवार

जेवताना कन्या स्वतःहून बोलली. घास अडकायचाच बाकी होता. बावीस तारखेला ती हॉस्टेलवर जाणार, गेमचं मशीनही सोबत नेणार. त्याआधी तिचा तो भुताटकीचा गेम आपण दोघांनी मिळून संपवू, म्हणाली. शेवट एकत्र बघायचा. गेली दोन वर्षं 'हं' आणि 'बघू' याखेरीज तिच्याकडून काही मिळालेलं नाही. लगेच हो म्हटलं. फारच लगेच म्हटलं का? नंतर थोडा वेळ पेपरात डोकं घातलं.

कामाची वाटणी झाली. पळणं आणि मारणं तिचं, बॅग सांभाळणं माझं. वीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळतोय. एका बॅगेचं काय घेऊन बसलात!

७ जून, शनिवार

ओसाड दवाखाना. त्यात एकटी नर्स, ती म्हणजे आम्ही. बाकी सगळे राक्षस. बॅगेत आठच खण: गोळ्या, मलमपट्ट्या, हातबॉम्ब, किल्ल्या, सगळं त्यातच कोंबायचं. उरलेलं तळमजल्यावरच्या पेटीत. आमच्या स्टोअरसारखंच आहे. फरक इतकाच, की आमच्याकडचे राक्षस सही करून माल नेतात.

सुटे भाग जमले की एक अपग्रेड मिळतं. पिस्तूल जोरदार, नर्स दणकट किंवा बॅग मोठी, यातलं एक. कन्या म्हणाली, पिस्तूल. मी बॅग घ्यायला लावली. आधी जागा, मग माल.

८ जून, रविवार, दुपारी

तिसऱ्या मजल्यावर दाराला कुलूप. किल्ली तळमजल्यावरच्या पेटीत. रोज न लागणारी वस्तू मागे ठेवावी असा नियम आहे, आणि नियम बरोबरच आहे. किल्ली आणायला जाताना नर्स मेली. घेऊन येतानाही मेली. कन्या म्हणाली, बाबा, किल्ली घरी ठेवून कोण बाहेर पडतं? तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली, विचार, विचार.

१० जून, मंगळवार

दुसरं अपग्रेड. बॅग.

१४ जून, शनिवार

कुत्र्यांची टोळी अंगावर आली. कन्येने विचारलं, बाबा, बॉम्ब टाकू? म्हटलं, कुत्र्यांवर कुणी बॉम्ब टाकतं का? मोठा राक्षस आला तर काय करशील? मग म्हणाली, निदान पट्टी लावू का? म्हटलं, चालतेय ना अजून? लंगडतेय बाबा, म्हणाली. म्हटलं, लंगडणं म्हणजे चालणंच.

नर्स मेली. बॉम्ब सगळे शाबूत.

झोपण्यापूर्वी स्वतःला विचारलं, हा चिकटपणा तर नाही? प्रामाणिकपणे, दोन्ही बाजूंनी तपासलं. नाही. दूरदृष्टी आहे.

१७ जून, मंगळवार, सकाळी

बायकोने आज माझ्या वाढदिवसाचा शर्ट कपाटातून काढून दाखवला. टाचण्याही तशाच. म्हणाली, पोरीच्या नर्सची बॅग ह्या माणसाकडे असेल तर ती बिचारी जगणार कशी? शर्ट चांगल्या प्रसंगासाठी ठेवलाय, हे तिला माहीत आहे. तरी बोलते.

तिच्या बोलण्यात तथ्य असूही शकेल. ठरलं. पुढचं अपग्रेड पिस्तुलाचं. नक्की. लिहून ठेवलं म्हणजे मागे फिरता येत नाही.

१८ जून, बुधवार

बॅग. पण कारण होतं. आणखी एक बॉम्ब सापडला आणि ठेवायला जागाच नव्हती. कन्या म्हणाली, बाबा, आधीचा एक टाकला असता तर जागा झाली असती ना? या युक्तिवादात कुठेतरी चूक आहे. सापडली की लिहीन.

आता बॅग नर्सपेक्षा मोठी दिसते. नाकापेक्षा मोती जड, असं बायको येता-जाता म्हणाली. पिस्तूल मात्र पहिल्या दिवशी होतं तसंच आहे, राक्षसाला खाज सुटेल इतपत.

२१ जून, शनिवार

शेवटची संध्याकाळ. गच्चीवर पोचलो. समोर हा एवढा राक्षस. संगीतसुद्धा बदललं. कन्या ओरडली, बाबा, टाकू? म्हटलं, थांब, हा शेवटचा कशावरून? याच्यामागे याचा बाप असला तर?

नर्स मेली. पुन्हा खेळलो. पुन्हा मेली. प्रत्येक वेळी मनाशी ठरवत होतो की आता 'टाक' म्हणायचं, आणि प्रत्येक वेळी तोंडातून 'थांब' निघत होतं. हे का होतं, याचा विचार करायला हवा. आज वेळ नव्हता. आतून तिची आई सामान भरायला हाका मारत होती.

शेवटी कन्येने कंट्रोलर खाली ठेवला. जाऊ दे बाबा, म्हणाली, आणि आत गेली. चिडली असती तर बरं झालं असतं.

२२ जून, रविवार

तिला बसमध्ये बसवून आलो. निघताना बरंच बोलायचं होतं. काही वाक्यं तर पाठ करून गेलो होतो. पण स्टँडवर गर्दी, गडबड. एवढं चांगलं बोलणं असं घाईत का वाया घालवायचं? फोनवर निवांत बोलू. खिडकीतून इतकंच म्हटलं, पोचलीस की कळव.

२९ जून, रविवार, संध्याकाळी

कन्येचा फोन. काल तिने रूममेटला गेम दाखवला. आमचीच नर्स, आमचीच बॅग. बॅग उघडल्यावर ती मुलगी किंचाळलीच म्हणे: अगं, एवढं सामान असताना तुम्ही मरत होतात कशाला? मग दोघींनी बॉम्बमागून बॉम्ब टाकले, हाताला येईल ती पट्टी लावली. राक्षस बघता बघता आडवा. हसून हसून पोट दुखलं म्हणे.

म्हणजे साठा माझाच कामी आला. नियोजन फसलं, असं कुणाला म्हणता येणार नाही. वापरणारी माणसं तेवढी बदलली.

विचारलं, त्याच्यामागे आणखी मोठा होता का? म्हणाली, नाही बाबा, तोच शेवटचा होता.

शेवट सांगू का, म्हणाली. म्हटलं, नको, फोनवर मजा नाही, सुटीत आलीस की सांग. म्हणाली, या सुटीत रूममेटच्या घरी जायचं ठरतंय. म्हटलं, मग त्याच्या पुढच्या सुटीत. काही घाई नाही.