घारीकडचा डोळा

जून १९४६

प्रिय गिदोन,

दाणे टिपणाऱ्या कोंबडीचा मेंदू आधी कुणाचं ऐकतो, भुकेचं की भीतीचं? सातवीतल्या एका मुलीनं मला हे विचारलं आणि आमच्या घरातली ही पहिली पदवीधर फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. मला खरंच ठाऊक नाही. घरी येऊन अंगणात पाहत बसले. पिल्लू मान तिरपी करतं. एक डोळा दाण्यावर, दुसरा आभाळातल्या घारीवर. मला हे कधीच जमलं नाही.

यंदा घारीनं एक पिल्लू नेलं, म्हणून उरलेली मी डालग्याखालीच ठेवली आणि दाणे आत टाकत राहिले. शेजारच्या रंगुबाई हसल्या, “मास्तरीनबाई, घारीच्या भ्यानं कोंबडं डालग्यातच म्हातारं करायचं व्हय?” पुढं सोडली, तर पिल्लं मोकळ्यावर यायलाच तयार होईनात.

तू बेलापूरला मुलींची शाळा काढायला निघालास आणि लग्न करून सोबत चल म्हणालास, तेव्हा मी धोकेच पाहिले. महायुद्ध, बाबांचा दमा, धाकट्या शमुवेलचं शिक्षण, शाळा चाललीच नाही तर? सगळं रास्त होतं, म्हणून पस्तावा कुणापुढं मांडताही येत नाही. ते स्वप्न माझंही होतं रे. मी ‘थोडं थांब’ म्हणत राहिले, तू पुष्कळ थांबलास. युद्ध संपलं, भाऊ नोकरीला लागला. तोवर मला नवी कारणं सापडली होती. मग रविवारच्या उपासनेत लग्नाच्या जाहीर सूचनेत तुझं आणि मरियाचं नाव वाचलं गेलं. आई माझ्याकडे पाहत होती. मी गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत बसले.

मरिया चांगली आहे. तिला कुठल्याही गोष्टीसाठी थांबायला लावू नकोस.

लग्नात मी गीत म्हणावं, ही तुझी चिठ्ठी मिळाली. उत्तराला उशीर झाला, कारण त्याच आठवड्यात मद्रासहून कळलं की प्राणिशास्त्रात पुढं शिकायला मला जागा मिळाली आहे. बाबा म्हणाले, “एवढ्या लांब, एकटी? पुढच्या वर्षी बघू की.” माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. तरी शाळेत जाऊन राजीनामा दिला. लग्नाला मी नसेन, गीत दुसऱ्या कुणाला सांग. हे सगळं दौंडच्या फलाटावर, मद्रासच्या गाडीची वाट पाहत, ट्रंकेवर बसून लिहिते आहे. घरी, नगरला परतणारी गाडी मघाशी सुटली. मी तिच्यात बसले नाही.

तुझी बालमैत्रीण,
मार्था