वर्षाला एक खोली

मी, पोतेन्सियाना बालिंगित, पडद्यावरचे नाव मोनिना वेलार्दे, वय पंचाहत्तर, अविवाहित, राहणार न्यू मनिला, केसोन सिटी, पूर्ण शुद्धीत आणि माझ्याच मर्जीने हे लिहून ठेवत आहे. ‘शुद्धीत’ हा शब्द लोक रिवाज म्हणून लिहितात. मी तो जपून लिहिला आहे. दोन डॉक्टरांचे दाखले सोबत जोडले आहेत. दोघांनीही माझा एकही सिनेमा पाहिलेला नाही, याची मी आधी खात्री करून घेतली.

आईवडील नाहीत, मूलबाळ नाही. धाकटी बहीण पुरिता गेली. तिचा मुलगा एदिल्बेर्तो, म्हणजे बेर्तो, गेल्या वर्षापासून बायकोसह माझ्या घरी राहतो. घरातले चौथे माणूस लुमेन दाकानाय. सिनेमात माझ्याऐवजी ती पडायची. जिन्यावरून, घोड्यावरून, एकदा विहिरीत. चेहरा माझा, हाडे तिची. थंडीत तिचा गुडघा दुखतो तेव्हा मला कुठला सिनेमा ते आठवते.

कलम १. मला पाम्पांगात, मासान्तोलला, आईशेजारी पुरावे. अंगावर काळे घालू नये. काळे मी पडद्यावर पुष्कळ घातले.

कलम २. कपड्यांची कपाटे आणि खोटे दागिने हल्लीच्या मालिकांत खलनायिका करणाऱ्या मुलींना वाटून द्यावेत. मोठा आरसा आरासेली हिला. ती नायिका, मी तिची सावत्र आई, सावत्र बहीण, सवत. प्रत्येक सिनेमात मी तिच्या थोबाडीत द्यायचे आणि लोक तिच्यासाठी रडायचे. कॅमेरा सुरू होण्याआधी ती मला दंडाला चिमटा काढायची, हे कोणी पाहिले नाही. आरसा तिने बघावा.

पुढच्या कलमाआधी थोडे सांगणे भाग आहे.

मी सतराव्या वर्षी या धंद्यात आले. नायिका व्हायचे होते. भुवया आड आल्या. पन्नासएक वर्षे मी मुलांना उपाशी ठेवले, म्हाताऱ्यांच्या दुधात काहीबाही कालवले, मृत्युपत्रे जाळली. एकदा बाजारात मासेवालीने मला ओळखले. आदल्याच आठवड्यात मी पडद्यावर एका लंगड्या पोराला जिन्यावरून ढकलले होते. तिने माशांच्या पाण्याची बादली माझ्या अंगावर ओतली आणि म्हणाली, “एवढ्याशा पोराला ढकलताना हात नाही गं कापला तुझा?” लोक हसले. एकानेही फडके दिले नाही. निर्मात्याला सांगितले तर तो खूश झाला, म्हणाला की काम चोख वठले. तेव्हा मलाही अभिमान वाटला. आता त्या बाजाराची आठवण वेगळ्या कारणाने येते. उद्या मी म्हणाले की माझ्याच घरात मला कोणी मारू पाहते आहे, तर विश्वास ठेवायला माणसे तीच आहेत.

बेर्तोला हे घर पाडून उंच इमारत हवी आहे. मी नाही म्हटले. त्यानंतर तो शेजाऱ्यांना सांगू लागला, “मावशीला आता सिनेमा कुठला आणि घर कुठलं, ते कळत नाही हो.” डोळे तपासायला म्हणून मला नेले, तर त्या डॉक्टरने बुद्धी शाबूत आहे का ते बघायला घड्याळाचे चित्र काढायला लावले. मी काढले, काट्यांसकट. मग जिन्याच्या कठड्याचे स्क्रू निघालेले लुमेनला दिसले. बेर्तो म्हणाला, वाळवी. वाळवी स्क्रू काढून खिडकीत नीट मांडून ठेवत नाही.

मी कोणावर आरोप करत नाही. पण आमच्या पटकथांत म्हातारी आधी वेडी ठरते आणि मग जिन्यावरून पडते. हा क्रम मला पाठ आहे. तो कितीदा तरी मीच पार पाडला आहे.

कलम ३. म्हणून घराची वाटणी अशी. येत्या सर्व संतांच्या दिवशी, म्हणजे १ नोव्हेंबरला, थडग्यावर मेणबत्त्या लावायच्या वेळी, मी जिवंत असेन तर गॅरेज बेर्तोचे. पुढच्या वर्षी जिवंत असेन तर बैठकीची खोली त्याची. त्यापुढे वर्षाला एक खोली, सगळ्यात शेवटी माझी झोपायची. ज्या वर्षी मी नसेन, त्या वर्षी वाटणी थांबेल आणि उरलेले घर लुमेनचे.

वकीलबाईंनी विचारले, हे मृत्यूनंतर वाचायचे ना? नाही. हे येत्या रविवारी जेवणाच्या टेबलावर बेर्तोला वाचून दाखवावे.

केसोन सिटी, १४ ऑगस्ट २०१३.
सही: पोतेन्सियाना बालिंगित
साक्षीदार: फ्लोरांते इबार्रोला, निवृत्त मेकअपमन, कोरासोन माग्तिबाय, शिक्षिका, वेनान्सियो पुनो, चर्चचे पेटीवादक. तिघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही.

पुरवणी

रविवारी वाचन झाले. बेर्तोने तोंडातला घास संपवला, उठला, मोठ्यांना नमस्कार करतात तसा माझा हात आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाला, “मावशी, आता तुला मरू देतो होय मी?” त्याची बायको हसली. मलाही हसू आले. कलम नेमके बसले, असे वाटले.

सोमवारी फाटकाला कुलूप लागले. बाहेरची धूळ मला वाईट म्हणून. मग टेलिफोन गेला, वाईट बातमीने रक्तदाब वाढतो म्हणून. लुमेनच्या खोकल्याची मला बाधा होईल म्हणून तिला तिच्या भाचीकडे धाडले. जिना मला आता लागतच नाही, जेवण वर येते. एक नर्स ठेवली आहे. ती भरवते, सकाळी वजन करते, दोन गोळ्या देते, आणि मी दुपारपर्यंत झोपते. काल खिडकीतून शेजारीण ऐकू आली: “असल्या बाईला असा भाचा मिळावा, काय पुण्य केलं होतं हिनं!”

माझ्या सिनेमांत हे दृश्य कधी नव्हते. याचा क्रम मला माहीत नाही.

म्हणून आज गोळ्या गालात धरून, पूर्ण शुद्धीत लिहिते: कलम ३ रद्द. मी जगले तरी आणि मेले तरी सगळे घर लुमेनचे. बेर्तोला माझ्या जगण्यातून काही नाही, मरण्यातूनही नाही. वकीलबाईंनी हे त्याला पोलिसांना सोबत घेऊन सांगावे, एकटीने येऊ नये.

आणखी एक. ज्याचा जीव कोणी घेतला त्याच्या शवपेटीवर आमच्यात कोंबडीचे पिल्लू सोडतात. ते पेटीच्या झाकणाच्या काचेवर टोचत राहते, आणि तीच टोचणी जीव घेणाऱ्याच्या काळजाला लागते म्हणतात. माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर वार्धक्य लिहिलेले असो, झोपेत गेली असे लिहिलेले असो, पिल्लू ठेवावे. पुरण्याआधीच्या जागरणाच्या सगळ्या रात्री बेर्तोला पेटीजवळच्या खुर्चीत बसवावे. दाणे त्याच्याच हातून घालावेत.

लुमेन उद्या तिचे कपडे न्यायला फाटकाशी येणार आहे, असे नर्स म्हणाली. गाठोडे बांधताना हा कागद मी तिच्या झग्याच्या अस्तरात शिवणार आहे. गाठोडे न उघडता तिला दिले, तर पोचेल.

केसोन सिटी, २९ ऑगस्ट २०१३.
सही: पोतेन्सियाना बालिंगित
साक्षीदार: नाहीत. संपूर्ण स्वहस्ते लिहिले तर आमच्या कायद्यात ते लागत नाहीत. शिवाय आता वर कोणी येत नाही.