‘हो, ये’

डार्मश्टाट
रविवार, ६ नोव्हेंबर २०१६

ताई,

आईने शिकवलेल्या मायन्यातलं ‘सप्रेम’ तेवढं आठवतंय. म्हणून सप्रेम. मी बरा आहे. तुझं मनगट कसं आहे? प्लास्टर निघालं असं आईकडून कळलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तुझे दोन निळे टिक दिसतात आणि पुढे काहीच नाही, म्हणून हे कागदावर. कागदाला टिक नसतात.

इथे पाचला अंधार पडायला लागलाय. फ्लॅटमधले दोघं आपापल्या गावी गेलेत. परवापासून मी कुणाशी बोललेलो नाही. बेकरीतल्या बाईला ‘दोन ब्रोट्शन’ म्हणालो, ते धरायचं का? सायकलची चेनही तुटलीय. हे सांगायला पत्र लिहीत नाहीये, पण हात तिकडेच जातोय.

म्हाताऱ्यांच्या हाइममधलं काम चालू आहे. जेवण वाढायचं, चाकांच्या खुर्च्या ढकलायच्या, त्याच त्या गोष्टी नव्याने ऐकायच्या. अर्धवट डिप्लोमावाल्याला आणखी काय मिळणार? तू म्हणायचीस, ‘तन्या, एक तरी गोष्ट शेवटापर्यंत ने, मी पेढे वाटीन.’ नेली ना एक. त्याचंच लिहायचंय.

तर आल्झो, त्याआधी फ्राऊ बेरेन्स. एक्क्याण्णव वर्षांच्या आजी. गुरुवारी काम संपलं, जाकीट चढवलं आणि दारातून त्यांना म्हणालो, ‘इश कोमं!’ म्हणजे आपलं ‘येतो’. जीभच तशी वळली. ‘जातो’ म्हटलं की आई कशी अंगावर यायची, ‘येतो म्हण, येतो!’ तर आजींनी टेबलावर दोन कप मांडले आणि बसून राहिल्या. जेवायलाही उठेनात. ‘तो येतोय, सांगून गेलाय.’ शुक्रवारी शोभना, आमच्याकडची नागपूरची नर्स, माझ्यावर भडकलीच. ‘अरे बाबा, इथे येतो म्हटलं की यावं लागतं!’

मी आजींना समजावलं, की आमच्यात निघताना येतो म्हणतात. त्यांनी कपाची कड पुसत विचारलं, ‘मग माणूस जातोय की येतोय, हे ऐकणाऱ्याला कळतं कसं?’

मी म्हणालो, ‘कळतं. नेहमी कळतं.’

आणि ताई, हे तोंडातून गेल्यावर मला तिथे उभं राहवेना.

सप्टेंबरातला टेनेरिफ बेटावरचा तो डोंगर, तेइदे. विमानातून पहिल्यांदा दिसला तेव्हा तू म्हणालीस, ‘झोपलेला ज्वालामुखी आहे. तुझ्यासारखा. उठेल तेव्हा उठेल.’ पुढच्या सीटवरचं बाळ तेवढ्यात रडायला लागलं आणि तू त्याला भुवया उडवून हसवलंस. हे का आठवतंय कोण जाणे.

वाटभर तू पुढे. तशी कायमच तू पुढे. शाळेत बाई मला ‘स्वरूपाचा भाऊ’ म्हणायच्या, येनाला तुझ्या लॅबमधले तेच म्हणतात, जर्मनमध्ये. मी तुझ्या बुटांच्या टाचा बघत चढत होतो. केबल कार वाऱ्यामुळे बंद. शेवटच्या टप्प्याआधी त्या काळ्या दगडांपाशी तू बसलीस. ओठ निळे. डोकं दोन्ही हातांनी धरलेलं. उलटी झाली. वरून कुजक्या अंड्यांचा वास येत होता. जरा वेळाने उठलीस आणि म्हणालीस, ‘तन्या, मी येते रे.’

मी म्हणालो, ‘हो, ये.’ आणि वर निघालो.

पुढचं आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तू एकटी उतरताना घसरलीस, मनगट मोडलं, एका जर्मन जोडप्याने तुला रस्त्यापर्यंत नेलं. मी दवाखान्यात पोचायच्या आधीच तू आईला फोनवर सांगून मोकळी झाली होतीस, ‘अगं, मी येते म्हटलं, याला वाटलं मागून येतेय!’ आई हसली. मामा तर अजून प्रत्येक फोनवर मला ‘काय रे, येतोस का जातोस?’ विचारतो. मीही हसलो होतो. तू नव्हतीस हसली.

ताई, मला कळलं होतं.

तू पाठीवरच्या सॅकचा पट्टा आवळलास तेव्हा तुझं तोंड उताराकडे होतं. वर येणारं माणूस तसं उभं राहत नाही. तुला एकटीला सोडू नये, हेही कळत होतं. पण दीडशे मीटर उरले होते, आणि जन्मात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणी नव्हतं.

माथ्यावर पोचलो. खाली ढग, ढगांच्या फटीत समुद्र. आणि मी ‘ताई, बघ’ म्हणायला मागे वळलो. तू नाहीस हे माहीत असून वळलो. मग तासभर तिथेच बसलो, कुणी विचारलं तर वाट बघत होतो असं म्हणता यावं म्हणून.

ज्या हाताने तू लॅबमध्ये आरसे केसभर सरकवतेस, तो हात. दोन महिने गेले तुझे. तो विनोद तू मला वाचवायला रचलास, की तुला खरंच तसं वाटलं, मला ठाऊक नाही. वाटलं असेल तर यापुढे वाटू नये. आईला मी सांगेन. मामालाही.

येत्या शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला येनाला पोचतोय. एकदाच बेल वाजवीन. नाही उघडलंस तर जिन्यावर थोडा बसेन आणि परतेन. उघडलंस तर पेढे नकोत, चहा चालेल. मीच करीन, तुझा हात अजून दुखत असेल.

हे निरोपाचं नाही. येतो.

स्वरूपाचा भाऊ,
तन्या