भर दुपारचा हुंकार

सोमवार, ६ मे

अन्नपूर्णा सूनबाई, तुझी कंबर आता कशी आहे? पाण्याचे गुंड-घागरी उचलू नको, धनराजले सांग. धनराज, तुझा खोकला बसला का? दुर्गे, पुढचा दात आला की खिडकी अजून उघडीच? काळी गाय चारा खाते ना? माझं म्हणाल तर गुडघे सोडून सगळं ठीक.

मुलचेऱ्याच्या अलीकडे फाट्यावर उतरलो. फाट्यावरूनच गोदामाचं पत्र्याचं छप्पर दिसतं, चुकायला जागाच नाही. तेंदूपत्त्याची पोती यायला लागली आहेत. रात्री राखण, दिवसा आराम. या वयात अजून काय पाहिजे? शेजारच्या पाड्यावरची सुगंधाबाई जेवण आणून देते. आल्या आल्या म्हणाली, भाऊ, तुम्ही राखण करान का पोतीच तुमची राखण करतीन? मी खूप हसलो.

इथे रेंज नाही, म्हणून रोज थोडं लिहून ठेवतो. बसचा कंडक्टर आदेश तिकडे यायला निघाला की त्याच्या हाती पानं देईन. रविवारी तुम्ही बापलेक येणार, त्याचीच वाट पाहतो.

मंगळवार, ७ मे

धनराज, तू मोबाईलमध्ये टाकून दिलेलं पुस्तकांचं अ‍ॅप आज उघडलं. रात्री राखणीत जमत नाही, दुपारी मात्र पाखरूही हलत नाही. दोन बोटं फाकवली की अक्षर चण्याएवढं होतं. शाळेचं तोंड न पाहता साबणाच्या वेष्टनावरून अक्षरं शिकलो मी, मला तर हा थाटच वाटला. पण डोळ्यांना लवकर पाणी येतं. मग ते कानाचं चित्र दाबलं आणि एक बाई वाचायला लागली. खोकत नाही, पाणी पीत नाही. मलाच तिच्यासाठी दम लागला.

जंगलात वाट चुकलेल्या माणसाची लांबलचक गोष्ट आहे. कोणी गोष्ट सांगत असलं की समोरच्यानं हुंकार द्यायचाच, ही आपली रीत. तोंडातून आपोआप हं, हं निघत गेलं. सुगंधाबाई डबा घेऊन उभी होती. म्हणाली, यंत्राले हुंकार देऊन राह्यले भाऊ, आता त्याले जेवाले बी वाढा!

दुर्गे, तू असतीस तर दर वाक्याला "हं, मंग?" करून त्या बाईचा जीव खाल्ला असतास.

बुधवार, ८ मे

पाड्यावरचा लालसू बसायला आला. माझ्याच वयाचा. मोबाईल बोलताना त्यानं ऐकला. म्हणाला, दिवसा गोष्ट सांगू नाई, ऐकू नाई. वाटेवरचं माणूस वाट चुकते. ही रीत मलाही ठाऊक आहे, लहानपणी आम्हीही पाळायचो. पण ती माणसानं सांगितलेल्या गोष्टीची. मोबाईलला कसला आला नेम? तसं म्हणालो, तर तो हसला नाही.

तो गेल्यावर पुढे ऐकलं. डोळा लागत होता, हुंकार द्यायचा राहिला. तरी हुंकार आला. पोत्यांच्या थप्पीमागून. खोल, घशात तंबाखू अडकल्यासारखा.

लालसूच थट्टा करत असेल म्हणून उठून पाहिलं. कोणी नव्हतं. थकलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं.

गुरुवार, ९ मे

लालसूचा साळा पोचू काल दुपारी मुलचेऱ्याहून पायी निघाला, तो पोचलाच नाही. जन्म गेला त्याचा त्या वाटेवर. पाडा रात्रभर शोधत होता.

लालसू विचारायला आला तेव्हा अ‍ॅप बंद होतं. मी दाबलं नव्हतं, शपथेवर सांगतो. बाई आपोआप बोलू लागली, जिथे थांबली होती तिथून. आणि थप्पीमागून हुंकार आला.

लालसूचा चेहरा राखेसारखा झाला. पोचूच हुंकार देते असा, म्हणाला. आम्ही दोघांनी पोती ओढून पाहिली. मागे भिंत. जमिनीवर लाल माती पडलेली, ओली, चपलेच्या आकाराची.

लालसू म्हणतो, गोष्ट अर्ध्यात ठेवू नको, पुरी कर. पुरी झाल्याबिगर वाट सापडत नाई. पण दिवस बुडाल्यावर.

शुक्रवार, १० मे

काल दिवे लागल्यावर ऐकायला बसलो. गोष्ट संपत नाही. खाली किती वाचून झालं ते दाखवतात, तो आकडा मागे जातो. तोच माणूस, तीच वाट, फक्त झाडं बदलतात. शेवटी मोबाईलनंच मान टाकली.

आज सकाळी मोबाईल थोडा चार्ज केला आणि अ‍ॅप काढून टाकलं. दुपारी ते पुन्हा जागच्या जागी. मोबाईल पत्र्याच्या डब्यात घातला, वर पोतं ठेवलं.

रविवार मनातून जात नाही. आदेशच्या हाती चिठ्ठी दिली: धनराज, पोरीला घेऊन येऊ नको. तो म्हणाला, काका, काऊन घाबरून राह्यले, आज संध्याकाळीच देतो.

शनिवार, ११ मे

दुपारी डब्यातून आवाज. वीज कालपासून गेलेली, मोबाईलचा चार्ज संपलेला, तरी. हुंकार दोन. एक पोचूचा. दुसरा कोणाचा, ओळखीचा नाही.

सुगंधाबाई डबा फाट्यावरच ठेवून गेली. लालसू अजून रानात आहे, पोचूला हाका मारत.

गोदाम माझ्या एकट्यावर, सोडून येता येत नाही. फक्त चिठ्ठी पोचली असू दे.

रविवार, १२ मे

बस आली. आदेश नव्हता. नवा कंडक्टर सांगतो, त्याची ड्यूटी शुक्रवारीच बदलली, चिठ्ठी त्याच्या पिशवीतच राहिली.

तोच म्हणाला, एक माणूस आणि लहान पोरगी याच्या आधीच्या बसनं फाट्यावर उतरली. पोरगी छप्पर पाहून आबा आबा ओरडत होती म्हणे.

फाट्यावरून सरळ वाट. मी तीनदा चालून आलो. कोणी नाही. वाटेत धनराजची पिशवी — तू दिलेले मुरमुऱ्याचे लाडू, अन्नपूर्णा, अजून बांधलेले.

दुपार

डबा बोलतो आहे. पोतं हटवलं नाही.

वाट चुकलेल्या माणसाबरोबर आता एक पोर आहे. गोष्टीत. आधी नव्हती.

पोचूचा हुंकार. मग खोकला — धनराज, तुझा —

मी हुंकार द्यायचा थांबलो तर ती बाईही थांबते. सगळं थांबतं. आणि मग थप्पीमागून, अगदी बारीक, दात पडलेल्या तोंडातून —

हं, मंग?

मीच सांगतो आहे आता, दुर्गे. आबा सांगतो. ऐकत राहा, आवाजाच्या दिशेनं ये, हात सोडू नको बापाचा —

अन्नपूर्णा, ते निघालेच नाहीत असं लिही. पोरगी अंगणात खेळते आहे, एवढंच लिही. लवकर लिही बाई, आजच, कोणाच्याही हाती, मी उत्तराची —